तिरपा काप

बसमध्ये पुढच्या बाकावर बसलेल्या मुलीच्या मोबाइलमध्ये दोन हात कापड शिवत होते, आणि ते पाहून रफूवाल्याच्या मनात पहिला विचार आला तो असा की या माणसाला फार घाई आहे. सुई नुसती नाचत होती. एवढ्या घाईने धागा ओढला की कापडाला चुण्या पडतात, हे कुणीतरी त्याला कान धरून शिकवायला हवं होतं. त्याने नाक मुरडून खिडकीबाहेर पाहिलं. पुन्हा नजर वळली तेव्हा त्या माणसाचा डावा हात कापडाची कड धरायला पुढे आला होता आणि त्याच्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. रफूवाल्याने समोरच्या दांडीवरचा आपला अंगठा पाहिला. अकराव्या वर्षी मशीनची सुई त्याच्या आरपार गेली होती, तेव्हापासून ते नख दोन पाख्यांचं उगवत आलं होतं. मग त्याला कापड दिसलं. तपकिरी लोकर, तिच्यावर बारीक फिकट चौकडी, आणि छातीच्या खिशापासून कमरेकडे तिरपा उतरलेला एक वीत चार बोटांचा काप. खाली आकडा होता. चष्मा सारखा करून त्याने तो वाचला, चार लाखांच्या वर काहीतरी. काप मिटला, चौकडीला चौकडी मिळाली, कोट जसा असायला हवा तसा झाला. मुलीने अंगठ्याने तो वर ढकलला आणि त्याच्या जागी एक मांजर आलं.

कंडक्टरने काहीतरी विचारलं ते त्याला कळलं नाही. सून व्हिडिओ पळवते हे त्याला ठाऊक होतं. चौदा दिवसांचं काम सव्वीस सेकंदांत बसवावं लागतं, त्यापुढे कुणी थांबत नाही, हे तिने त्याला मागे समजावलं होतं. पण हा कोट. हा कुणी काढला, कुणाला विचारून काढला, लोकांपुढे टाकायला कुणी सांगितलं, असे प्रश्न एकापाठोपाठ एक येत गेले आणि प्रत्येकाच्या शेवटी त्याला सुनेचा चेहरा दिसत राहिला. रागाचं एक बरं असतं, तो आला की भीतीला जरा वेळ बाहेर थांबावं लागतं. दोन थांबे तो रागावर गेला. तिसऱ्या थांब्यावर मुलगी उतरली, मांजर घेऊन गेली, आणि मग भीती आत येऊन त्याच्या शेजारी बसली. कोट नर्सबाईंचा होता. म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा होता, आणि नवरा आता नव्हता. त्या कोटाला कधी काप गेलाच नव्हता असं या जगात एका माणसाला सांगितलं गेलं होतं, आणि तो माणूस ज्या गावी राहत होता तिथेही मोबाइल होते.

चाळीस वर्षं जिन्याखालच्या त्या जागेत त्याने एकच गोष्ट केली होती, झालेलं न झाल्यासारखं करून देणं. शेजारचा इस्त्रीवाला त्याची थट्टा करायचा. "मास्तर, तुझा धंदा आणि चोराचा धंदा एकच. काम चोख झालं की पुरावाच उरत नाही." दुकानाची एक रीत होती, कुणी ठरवलेली नव्हती पण सगळे पाळायचे. रफू झालेला कपडा तो घडी घालून द्यायचा, दुरुस्त भाग आतल्या बाजूला, आणि घेणारा माणूस त्याच्यासमोर घडी उलगडून शोधत बसायचा नाही. दोघं हवापाण्याचं बोलायचे आणि गिऱ्हाईक निघून जायचं. मात्र कपडा आणताना तो कसा फाटला ते सांगावंच लागे. खिळ्याला अडकून फाटलं तर धागे ओढले जातात पण जागेवर असतात, जळलं तर कडा मरतात, कसर लागली तर भोक दिसतं त्याहून मोठं असतं. डॉक्टरपुढे खोटं बोलून चालत नाही तसं त्याच्यापुढेही चालत नसे. त्यामुळे कुणाच्या बाहीवर कुणाची सिगारेट विझली होती, कोणत्या प्राध्यापकाची पॅंट भर वर्गात गेली होती, कोणत्या सासूने सुनेची ओढणी दारात मुद्दाम अडकवली होती, हे सगळं त्याच्या पोटात होतं. बायको असताना रात्री जेवताना ती विचारायची, आज काय विशेष. तो म्हणायचा, काही नाही, एक भोक बुजवलं. बायकोलासुद्धा त्याने कधी सांगितलं नाही. ती गेली त्याला सहा वर्षं झाली.

मग लोकांनी कपडे दुरुस्त करणंच सोडलं. फाटलं की टाकायचं आणि मोबाइलवरून दुसरं मागवायचं. इस्त्रीवाल्याने अर्ध्या जागेत कुरिअरची पार्सलं ठेवायला घेतली. रफूवाला दिवसभर रेडिओ ऐकत बसे. मुलगा फिरतीच्या नोकरीवर होता, त्याच्याकडून काही व्हायचं नव्हतं. सुनेने मात्र तीन वर्षांपूर्वी एका दुपारी डबा घेऊन येऊन, स्टुलावर बसून, त्याला एक स्वेटर विणीत वीण घालून सांधताना शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "बाबा, हे मी काढू का मोबाइलमध्ये?" त्याला गंमत वाटली. आठवड्याने तिने दुकानाच्या नावाचं पेज केलं, दुकानाला नावही तेव्हाच मिळालं. महिन्याभरात काम येऊ लागलं, आणि ते वेगळ्या तऱ्हेने येऊ लागलं. आधी भोकाचा फोटो यायचा, मग किती दिवसांत असा प्रश्न, मग चिकटपट्टीत गुंडाळलेलं पार्सल. पार्सलमध्ये कपडा असायचा, कसं फाटलं ते नसायचं. त्याने एकदा सुनेला सांगितलं की विचार त्यांना. तिने विचारलं. बहुतेकांनी उत्तर म्हणून एक हसरा चेहरा पाठवला. कुणाकुणाला तर आता रफू दिसायला हवी असायची, लाल धाग्याने करा म्हणायचे, म्हणजे मित्रांना दाखवता येते. त्याने तेही केलं, मन मारून. तोही बदलला होता, नाही असं नाही. सकाळी दुकान उघडण्याआधी व्हिडिओला किती लाल बदाम आले ते तो सुनेला विचारायला लागला होता. आधी सहज म्हणून, मग चहाबरोबर, मग चहाच्या आधी. "लोकांना फाटलेलं बघायचं असतं बाबा," सून म्हणाली होती. "नुसतं नंतरचं दाखवून उपयोग नाही. आधीचं दिसलं तरच नंतरच्याला अर्थ."

नर्सबाई मात्र स्वतः आल्या होत्या. थंडीचे दिवस संपत आले होते. कोट त्यांनी उशीच्या अभ्र्यात घालून आणला, टेबलावर पसरला आणि कापाच्या दोन्ही कडा दोन बोटांनी जुळवून धरल्या, टाके घालायला डॉक्टर येईपर्यंत धरतात तशा. "ब्लेडने," त्या म्हणाल्या. "दाढीच्या. एकाच झटक्यात." कुणी, ते त्याने विचारलं नाही, तेवढं विचारायची गरज नसते. पण त्यांनी सांगितलं, ड्यूटी बदलताना दुसऱ्या नर्सला सांगतात तसं, एकही विशेषण न लावता. मुलाला लांबची नोकरी मिळाली होती. बाप शाळेतली प्रयोगशाळा सांभाळायचा, निवृत्तीला आलेला, मुलाने जाऊ नये असं त्याला वाटायचं, आणि एके दिवशी तो मुलाला चार माणसांत नको ते बोलला. मुलगा घरी आला तेव्हा दिवे मालवलेले होते, बाप झोपला होता आणि कोट दारामागे खुंटीला होता. पहाटे मुलगा गेला. सकाळी बापाने कोट काढला, पाहिला, होता तसा खुंटीला लावला आणि स्वेटरवर शाळेत गेला. दुसऱ्या दिवशीही. थंडी त्या वर्षी चांगलीच होती. कुणी विचारलं की कोट कुठे, तर म्हणे, उबतो. अडतिसाव्या दिवशी प्रयोगशाळेच्या पायरीवर बसला तो उठला नाही. हृदय होतं, थंडीचा काही संबंध नाही, असं नर्सबाईंनी दोनदा सांगितलं. मुलगा दोन दिवसांसाठी आला. दाराच्या दिशेने तो पाहतच नव्हता. निघताना उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, आई, कोट. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं की अरे, नुसती शिवण उसवली होती, टाका मारून घेतला, शेवटपर्यंत तोच घालत होते. मुलगा तिथेच खाली बसला आणि लहान असताना रडायचा तसा रडला. तेव्हापासून तो बोलायला लागला. आधी, घर सोडल्यापासून, एक शब्द नव्हता, आता रोज सकाळी साडेसहाला चहाच्या रिकाम्या कपाचा फोटो पाठवायचा, त्या आपल्या कपाचा पाठवायच्या. "झालं," त्या म्हणाल्या. "म्हणजे दोघंही जिवंत." आता तो येणार होता. कोट काढून ठेव म्हणाला होता, मी घालणार आहे. "टाके दिसायला नकोत मास्तर. दिसणारे टाके मी जन्मभर बघितले."

बस शेवटच्या थांब्यावर रिकामी झाली. आपला थांबा केव्हाच मागे गेला होता. खाली उतरून त्याने सुनेला फोन लावला आणि बोलायला लागल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपला आवाज चढलाय. तो कोट आत्ताच्या आत्ता काढून टाक, असं त्याने तिला सांगितलं. का, हे तिने विचारलं नाही. काढते म्हणाली, आणि फोनवर बोटांची टकटक ऐकू आली. काढला म्हणाली. पण तो आता दुसऱ्यांच्या पेजवरही फिरतोय बाबा, लोकांनी उचललाय, तो माझ्या हातात नाही. त्याने विचारलं की मुळात तुला याचा व्हिडिओ करायला सांगितला कुणी. पलीकडे कुकरची शिटी झाली. ती संपेपर्यंत सून थांबली.

"तुम्हीच," ती म्हणाली. "बाबा, तुम्हीच सांगितलंत ना. मी तर विचारलं होतं, कुणाचा आहे, चालेल का त्यांना. तुम्ही म्हणालात, कोटावर नाव थोडंच लिहिलंय."

थांब्याच्या बाकावर एक म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तो तिच्या शेजारी बसला. म्हणालो होतो. चौकडीवरचा तिरपा काप. असं काम माणसाच्या वाट्याला एकदा येतं. सरळ काप एकाच धाग्याच्या वाटेने जातो. तिरपा काप प्रत्येक उभ्या आणि प्रत्येक आडव्या धाग्याला वेगळ्या जागी तोडतो, आणि ब्लेडने तोडलेल्या धाग्याला धरायला काही उरत नाही. कोटाच्या आतल्या दुमडीतून त्याने एकेक धागा उपसून काढला होता, फिकट धागे फिकट चौकडीसाठी, गडद धागे गडद जागांसाठी. डोळ्यांतून पाणी यायचं तेव्हा दहा मिनिटं डोळे मिटून बसायचा आणि पुन्हा सुरू करायचा. त्याच्या उस्तादाने असला काप परत पाठवला असता. नवव्या दिवशी त्याला कळलं की हे होणार आहे. त्या दिवशी सून डबा घेऊन आली, आणि तिने नेहमीसारखा मोबाइल काढला नव्हता, तिला घाई होती. तोच म्हणाला, थांब. याचं काढ. पहिल्या दिवशीचा फोटो त्याच्याकडे होता, चौकडी जुळवायला काढलेला, तो त्यानेच तिला दिला. शेवटच्या दिवशी दिवा जवळ ओढून कोट त्यानेच धरला, उजेड तिरका पडेल असा, म्हणजे बघणाऱ्याची खात्री पटेल की काही दिसत नाही. चाळीस वर्षं त्याचं उत्तम काम कुणालाच दिसलं नव्हतं. जितकं उत्तम तितकं दिसलं नव्हतं. मरण्याआधी एकदा कुणीतरी बघावं, एवढंच त्याला वाटलं होतं, आणि कुणीतरी म्हणजे किती, याचा त्याने हिशेब केला नव्हता. शेजारच्या म्हातारीने त्याला विचारलं की बस चुकली का. तो हो म्हणाला.

नर्सबाईंचं घर त्याला माहीत होतं, कोट त्याने स्वतः नेऊन दिला होता. वीस मिनिटांची वाट होती. चालताना तो वाक्यं जुळवत होता आणि मोडत होता. एक वाक्य असं होतं की मुलाला सांगू, तो कोट दुसऱ्या गिऱ्हाइकाचा, चौकडी सारखी असते, शेकड्यांनी कोट असतात तसे. हे वाक्य चांगलं होतं. आपला आवाज, आपल्या दुकानाच्या नावाने, मोबाइलमध्ये बोलून पाठवायचं. माणसं विश्वास ठेवायलाच बसलेली असतात. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना त्याने ते चार वेळा मनात म्हणून पाहिलं, आणि तोवर त्याला जवळजवळ खरं वाटायला लागलं होतं की तो कोट दुसऱ्या कुणाचा होता.

दार उघडंच होतं. नर्सबाई जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या, अंगावर घरातली शाल, केस विंचरलेले, समोर मोबाइल. त्याला पाहून त्या चकित झाल्या नाहीत. या मास्तर, म्हणाल्या, आणि समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. मग मोबाइल फिरवून त्याच्यापुढे सरकवला. सकाळच्या साडेसहाला कप नव्हता. त्या जागी त्याचे हात होते, थांबलेले, मध्ये एक त्रिकोण, दाबला की सुरू होतील असे. त्याच्याखाली मुलाने एकच ओळ लिहिली होती. आई, बाबांनी तो खरंच घातला होता का.

त्याला आपलं तयार वाक्य आठवलं. त्याने ते म्हणायला तोंड उघडलं आणि मग त्याला ओळीखालची दुसरी ओळ दिसली, नर्सबाईंची, सहा वाजून बेचाळीस मिनिटांची. नाही. एवढंच. तिच्याखाली दोन निळ्या खुणा होत्या, म्हणजे वाचलं होतं. आता साडेदहा वाजत आले होते.

"बारा मिनिटं लागली ते लिहायला," त्या म्हणाल्या. "आधी बरंच लिहिलं होतं. पुसलं."

सिस्टर, चूक माझी आहे, असं म्हणून त्याने सगळं सांगितलं. सुनेचं नाव त्याने मध्ये येऊ दिलं नाही. थांब, याचं काढ, हे शब्दसुद्धा त्याने तसेच सांगितले, आणि दिवा जवळ ओढल्याचं सांगितलं. त्या पेशंटचं ऐकतात तशा ऐकत होत्या, मध्ये न बोलता, नजर त्याच्या हातांवर. त्याचं संपल्यावर त्यांनी विचारलं, किती लोकांनी पाहिलं. त्याने आकडा सांगितला. आकडा त्यांनी स्वतःशी पुन्हा म्हटला. खालच्या मजल्यावर कुणीतरी फर्निचर सरकवत होतं.

"ह्यांनी अडतीस दिवस पाहिलं तो काप," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी. मलासुद्धा दाखवला नाही. मला तो ते गेल्यावर दिसला."

हे त्यांनी दुकानात सांगितलं नव्हतं. मग बाकीचं त्यांनी कुठून सांगितलं, स्वेटरचं, उबतो म्हणण्याचं, हे त्याने विचारलं नाही. कदाचित कोट खुंटीवरून काढल्यावर त्यांनी एकटीने बसून ते मागे मागे जुळवत नेलं असेल, धाग्याला धागा. त्याला वाटलं, यांनी आपल्यावर ओरडावं. ओरडल्या असत्या तर खाली मान घालून उठता आलं असतं. पण त्या उठून आतल्या खोलीत गेल्या आणि कोट घेऊन आल्या, हॅंगरसकट, आणि त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. दिवसाच्या उजेडात तो त्याने आजवर केलेल्या कुठल्याही कामाहून चांगला दिसत होता, आणि हे त्याच्या मनात आलं याची त्याला लाज वाटली.

"उसवून द्या," त्या म्हणाल्या. "आता त्याला माहीत आहे. तो आला, आणि हे असं दारामागे दिसलं, तर त्याला वाटेल मी अजून खोटं बोलतेय. जे होतं ते असू दे. तुम्ही घातलंय, तुम्हाला काढता येईल."

त्याने नकारार्थी मान हलवली. मग त्यांना नीट समजावं म्हणून कोटाची खालची दुमड उलटून दाखवली, जिथले धागे उपसले होते ती विरळ झालेली पट्टी. इथले धागे तिथे गेलेत, तो म्हणाला, ते आता वरून घातलेले राहिले नाहीत, कापडच झालेत. ते काढायला मोकळं टोक नाही. "मला कापावं लागेल, सिस्टर. आणि मी कापला तर तो काप माझा होईल. त्याचा नाही."

त्या दुमडीकडे पाहत राहिल्या. त्यांनी तिथे बोट फिरवलं, विरळ जागेतून बोटाचं टोक पलीकडे अंधुक दिसत होतं. मग कोट त्यांनी पुन्हा हॅंगरवर नीट बसवला, खांदे सारखे केले, आणि ठेवायला कुठे जागा सुचेना म्हणून तो मांडीवर घेऊन बसल्या. चहा टाकायला हवा, असं म्हणाल्या आणि उठल्या नाहीत. तोही उठला नाही. जायला हवं होतं, दुकान बंद होतं, इस्त्रीवाला विचारत असेल. पण एक माणूस उत्तराची वाट पाहत बसलेला असताना दुसऱ्याने दार ओढून घ्यायचं, हे त्याच्याच्याने होईना. त्याने आपला मोबाइल खिशातून काढून टेबलावर ठेवला, कारण तो खिशात सारखा थरथरत होता. पेजवर दुकानाचा म्हणून त्याचाच नंबर होता, आणि सुनेने कोट काढून टाकला तरी दुसऱ्यांकडे तो फिरतच होता. आमच्याकडेही असाच एक आहे. ब्लेडने कापलंय, होईल का. बाप रे, जादू आहे. मास्तरांच्या हातांना नमस्कार. दोन मोबाइल शेजारी शेजारी पडले होते, एक थरथरून टेबलावर इंच इंच सरकत होता, दुसरा जागचा हलत नव्हता. आणि दर वेळी थरथर झाली की दोघांचीही नजर न हलणाऱ्याकडे जात होती.